तिसऱ्या खांबाचा पाया

बाबा, रोहिणखेडच्या रस्त्यावरचा नाल्याचा पूल पाडायचा नाही असं अखेर ठरलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली.

मी आता पूल तपासते. तुम्ही रस्त्यावरच्या मजुरांचे मुकादम, हातोडीने दगड ठोकून आवाज ऐकायचात; आम्ही ड्रोनने आणि लेझरने पुलाची इंच न् इंच मापं घेतो आणि तसाच्या तसा पूल संगणकात उभा करतो. त्यातल्या कुठल्याही खांबावर बोट ठेवलं की त्याची सगळी माहिती समोर येते: तडा कुठे, केवढा, आधी काय दुरुस्ती झाली. या पुलाचा तिसरा खांब त्यात बुडाशी फुगलेला आणि वाकडा दिसत होता. आमच्यातल्या सगळ्यांचं मत पडलं की पाया सरकलाय. पाया सरकला म्हणजे पूल बंद करून पाडायचा, एसटी लांबच्या फेऱ्याने. मग मोताळ्याला शाळेत जाणाऱ्या किती मुली घरी बसतील, हे तुम्हाला सांगायला नको.

तशा अहवालावर सही करायला पेन उचललं आणि मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. आई भाकरी थापते आहे, मी चुलीजवळ बसून कॉलेजसाठी एका पुलाचा तपासणी अहवाल भरते आहे, सगळ्या रकान्यांत 'ठीक', 'ठीक'. तुम्ही कागद हातात घेता, अक्षरं लावत सावकाश वाचता.

"पुलाखाले उतरली होती काय?"

"नाही. चिखल होता."

"मंग कागद काऊन भरला? वरून पूल नाही दिसत, वरून फक्त रस्ता दिसते."

कागद माझ्या मांडीवर टाकून तुम्ही जेवायला बसलात.

म्हणून सही न करता मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाखाली उतरले. बाभळीच्या फांद्या बाजूला करत तिसऱ्या खांबापर्यंत गेले, तर पलीकडे एक म्हातारी बाई मेथीच्या जुड्या धूत होती. तिचं वावर नाल्याला लागूनच.

"काय मोजून राह्यली वं? कोनाची तू?"

मी तुमचं नाव सांगितलं. तिने जुडी खाली ठेवली.

"मुकादमाची पोरगी? मंग त्या खांबाले कायले मोजतं? त्याचा पाया तं तुह्या बापानं बांधला. पुरानं खालची माती पार नेली होती. पंधरा मानसं आन तुहा बाप, कमरभर पान्यात, चार दिवस. भाकरी मीच नेत होती."

आमच्याकडे याचा एकही कागद नव्हता. मी तिथूनच आईला फोन लावला. ती म्हणाली, "तवा आठ दिवस तापानं फणफणले होते. मले म्हने, भिजलो जरा." एवढंच. पूल वाचवला, हे घरात कुणाला सांगितलंच नाही तुम्ही!

मग त्या जागी यंत्राने भोक पाडून पाहिलं. खालच्या खडकापर्यंत सलग काँक्रीट निघालं, कुठेही पोकळी नाही. पाया सरकलेला नव्हता. जो वाकडेपणा आम्ही दोष समजत होतो, ती तुमच्या माणसांनी पाण्यात उभं राहून घातलेली भर होती. बाकीचे तडे आता भरले जात आहेत. अर्धा पूल बंद, अर्ध्यावरून एसटी हळूहळू जाते. चालक काच खाली करून विचारतो, "मॅडम, होईन ना पक्का?" मी म्हणते, "हाव, होईन."

संगणकातल्या तिसऱ्या खांबाच्या माहितीत 'यापूर्वीची दुरुस्ती' हा रकाना मी भरला: पुरानंतर पाया भरून काढला, रस्ता मुकादम आणि पंधरा मजूर. माहिती कोणाकडून, तर शेजारच्या वावरातल्या बाईंकडून. पुढे कोणीही हा पूल उघडून पाहील, त्याला ते दिसेल.

हे पत्र माझ्या कामाच्या वहीतच राहील. एक मात्र कबूल करते. तुम्हाला पाहून मी या कामात आले, असं मी लोकांना सांगते. ते खरं नाही. मिळाली ती पहिली नोकरी धरली होती. आणि कॉलेजात कोणी विचारलं, तर 'वडील सरकारी नोकरीत आहेत' म्हणून विषय बदलायची. कोणती नोकरी, ते तीन वर्षांत एकीलाही सांगितलं नाही.