काठीभर अंतर

१२ जून २०२४
पीएच.डी.चा विषय मंजूर! दरडी कोसळू शकणाऱ्या उतारांचा अभ्यास. दोन वर्षं लोकांना बोअरसाठी पाण्याच्या जागा दाखवत हिंडले, सुटले एकदाची. बाबा म्हणाले, "दगड बघून पोट भरतं का?" नाशिक रोडच्या प्रेसमध्ये जन्म काढलेला माणूस, त्यांना काय समजावणार!

२६ जून
पेठच्या डोंगरातला पाडा. वर टेकडीला आडवी भेग, माझा अख्खा हात आत गेला. खाली सात घरं. माणसं शाळेत हलवलीत, एका वर्गात तीन चुली. भागीबाईंचं घर भेगेला सगळ्यात जवळ. त्यांचा एकच प्रश्न — "घरी कवा जायाचं, ताई?"
"मोजून सांगते," म्हटलं. लाज वाटली.

२७ जून
भेगेच्या अल्याड-पल्याड एकेक लोखंडी खुंटी ठोकली. मधे बरोबर एक मीटर. अंतर वाढलं की टेकडी सरकतेय, इतकं साधं! भागीबाईंना मीटरभर काठी कापून दिली. दर सोमवारी धरून बघायची, फोन करायचा. "गुरांचा धक्का लागेल, खुंट्या सांभाळा," म्हटलं. मान डोलावली त्यांनी.

८ जुलै
काठी बरोबर बसली.

२२ जुलै
बरोबर.

५ ऑगस्ट
स्वतः जाऊन टेप लावली. शंभर सेंटिमीटर. मिलिमीटरचाही फरक नाही! भेगसुद्धा मातीनं बुजत आलीय. टेकडी निवतेय बहुतेक.
शाळेत मात्र बघवत नाही. भागीबाईंची सून, सविता, फळ्याखाली बाळंत झाली. वर छत गळतंय.

१९ ऑगस्ट
सविताच्या मुलीला न्यूमोनिया. माझे गाईड सर म्हणतात, "पावसाळा पुरा जाऊ दे. घाई नको." यांचं आपलं ताकही फुंकून पिणं! भांडले. शेवटी त्यांनी सही केली. तहसीलला द्यायच्या अहवालात लिहिलं — हालचाल नाही, उतार स्थिर. इतकी वर्षं शिकले त्याचा कुणाला तरी उपयोग झाला.

२६ ऑगस्ट
सातही कुटुंबं घरी परतली! भागीबाईंनी नागलीच्या भाकरी बांधून दिल्या. बसमध्ये चक्क रडले.

१ सप्टेंबर
कालपासून नुसता धो धो. गोदावरीला पूर. मला कसलीच काळजी नाही. झोपा काढतेय.

२ सप्टेंबर, दुपार
भागीबाईंचा फोन. आवाज तुटत होता. "काठी बरोबर हाय, ताई. पन गुरांनी लय छळलं बघा. दर सोमवारी खुंटी दोन-दोन बोटं लांब गेलेली. म्या उपटते न् काठीच्या मापानं परत ठोकते. भेगपन बुजवते, वासरू अडकाया नको. आज तं खुंटी लयच लांब गेलती."
किंचाळले — सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा! फोन आधीच कटला होता.
तहसीलला कळवलं. गाडी निघालीय म्हणतात, घाट बंद आहे म्हणतात. सातही घरांचे नंबर लावून झाले. एकही लागत नाही.