न्यूयॉर्क, अवघे दहा तास

उमेळे, ९ जानेवारी १९९९

चि. चिराग यास काशीरामकाकाचा पोटभर आशीर्वाद. तू तिथल्या बर्फात कानटोपी घालून फिरत असशील असं धरून चालतो. मी ठीक. गुडघे जागेवर आहेत, दुखतायतही तिथेच.

पत्रास कारण तुझं ते विमान. चार वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा निघालास तेव्हा तिकीट मी जातीने वाचलं होतं (सातवी पास आहे, आंधळा नाही). मुंबई सुटणार रात्री दीडला, न्यूयॉर्क पोचणार सकाळी साडेअकराला. बोटं मोजली. दहा तास! म्हणजे आपली रत्नागिरीची एसटी. शेजारचा प्लासिड म्हणाला, अरे, साडेबारा हजार किलोमीटर आहे, विमान आहे का बंदुकीची गोळी? म्हटलं, छापील तिकीट खोटं बोलतं काय, गप बस. 'पोचलो' असा तुझा फोन त्या रात्री दहानंतर आला, तर म्हटलं कार्ट्याने आधी जेवून झोप काढली. तुझ्या आईला, शकूवहिनीलाही तेच दहा तास सांगितले. भाऊ गेल्यापासून तिला तुझ्याशिवाय होतं कोण? तुझी अमेरिका वाडीपलीकडेच असल्यासारखं ती सगळ्यांना सांगायची.

गेल्या महिन्यात वहिनीचं जास्त झालं म्हणून बुधवारी सकाळी तुला फोन केला आणि दहा तासांच्या हिशेबाने दुपारीच प्लासिडच्या टेम्पोतून सहार विमानतळ गाठला. तू कसला येतोस! कोणी गोरा दिसला तरी प्लासिड हात हलवायचा. तुझ्यासाठी नेलेली राजेळी केळी आम्हीच संपवली. दुसऱ्या दिवशी एका पहारेकऱ्याला दया आली. म्हणाला, चाचा, उधर घड़ी साढ़े दस घंटा पीछे है. आधी मी त्याच्याशी भांडलो (तिकीट छापील होतं ना!). मग परत बोटं मोजली, तर साडेवीस तास! तू दुपारी बाहेर आलास. वहिनी सकाळी सातला गेली होती, आणि मी तिचा एकुलता दीर, तिथे केळ्यांच्या साली धरून उभा. ते आपल्याला घरी आल्यावर कळलं.

दिवसकार्य आटोपून निघताना तू विचारलंस, काका, डॉक्टर सोमवारीच 'मुलाला बोलवा' म्हणाले होते, तर फोन तेव्हाच का नाही केलात? मी म्हटलं, फोन बंद होता. तू टेलिफोनवाल्यांना शिव्या घातल्यास. मीही दोन घातल्या.

असो. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा काका,
काशीराम

ता. क. : सोमवारी वहिनीने स्वतः विचारलं होतं, 'भावजी, चिरागला बोलवायचा काय?' मी म्हटलं, दहा तासांचं तर काम, दोन दिवस बघू, पोराची नोकरी आहे. ती 'बरा' म्हणाली, घोटभर पाणी मागितलं आणि निजली.

ता. क. २ : तुझी काकू सांगते, बुधवारी संध्याकाळपासून वहिनी दाराकडे तोंड करून पडली होती. माझ्या दहा तासांवर विसंबून.

ता. क. ३ : वाचून झालं की फोन कर आणि मला घालायच्या तेवढ्या शिव्या घाल. फोन चालू आहे. तेव्हाही होता.