पहिलं माप देवाचं, आणि सिंधूताई गैरहजर

गिट्टीखदान, नागपूर
चैत्र, शनिवार

तीर्थस्वरूप रुपरावदादांना सुखदेवचा वाकून नमस्कार.

मारुतीरायाच्या कृपेने इकडे आम्ही बरे आहोत. तिकडे वहिनींचे गुडघे कसे आहेत? आंबिया बहाराची फळं झाडावर टिकली, की यंदाही वाऱ्याने गळाली? तुमची बहीण, म्हणजे आमची उत्तरा, खुशाल असून सध्या गच्चीवर सांडगे वाळवण्यात गुंतली आहे. हातात फोन असताना पाहुण्याने पत्र कशाला लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. पण काही गोष्टी फोनवर नीट सांगता येत नाहीत, आणि ही तर फारच लांबलचक आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे की मी कळमेश्वरच्या डाळ मिलमध्ये हिशोब पाहतो. मागच्या वर्षी शेठजींनी संगणकावर एक मदतनीस घेऊन दिला. हा माणूस नव्हे, प्रोग्राम लिहून देणारा एआय आहे. आपण साध्या मराठीत हवं ते सांगायचं, तो कोड लिहून देतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाटीवर शिकलेला माणूस, त्यामुळे आधी मी त्याला ‘अहो’ म्हणत असे. (अजूनही म्हणतो. आपलं काम करणाऱ्याला अरेतुरे करायला जीभ वळत नाही.) त्याची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो लक्षात ठेवतो. डाळीच्या साठ्याचा प्रोग्राम करताना मी त्याला आपल्या खळ्यावरची रीत सांगितली होती. रास मोजायच्या आधी पहिली पायली मारुतीची म्हणून बाजूला काढतात आणि ती मोजत नाहीत. आमचे शेठजीही रोजची पहिली पायली शनिवारच्या खिचडीसाठी काढून ठेवतात. मी लिहिलं, “जे पहिलं येतं ते देवाचं, ते मोजायचं नाही.” तो म्हणाला, “लक्षात ठेवलं.” मला फार बरं वाटलं. घरी पोरांना हीच गोष्ट मी दर सुगीला सांगतो, पण ‘लक्षात ठेवलं’ असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

पुढे फाटकावर अंगठ्याचं यंत्र बसलं आणि हजेरीचा प्रोग्राम मी याच मदतनिसाकडून करून घेतला. शेठजींनी जाहीर केलं होतं की ज्यांची महिनाभराची हजेरी पूर्ण भरेल त्यांना कायम करणार. महिना संपत आला आणि शेठजींचा पुतण्या विक्की, जो आमचा मॅनेजर आहे, कागद घेऊन आला. झाडलोट करणाऱ्या सिंधूताई महिनाभर गैरहजर. आता दादा, ही बाई सगळ्यांच्या आधी येते, अंगण झाडते, देवापुढे दिवा लावते, मग बाकीचे येतात. विक्कीला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, “काका, मशीन झूठ नाही बोलत. शनिवारी काकाजी कागद पाहतील, मग तुम्ही जाना अन् ते जाने.”

सिंधूताई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. “काहून गा सुखदेवभाऊ, मी मेली का काय? मी गैरहजर, तं रोज झाडू कोण मारून राहिलं? माहं भूत?”

मला वाटलं, झाडू धरून धरून अंगठ्याच्या रेषा झिजल्या असतील. तिला खोबरेल तेल लावायला सांगितलं. काही फरक नाही. मग खरं काय ते पाहावं म्हणून मी पहिल्या बसने गेलो आणि तिच्याआधी अंगठा लावला. त्या दिवशी सिंधूताई हजर निघाली आणि मी गैरहजर.

आता माझं कुतूहल जागं झालं. मी मदतनिसाला विचारलं, “अहो, पहिल्या माणसाचं काय करता?” तो अत्यंत नम्रपणे म्हणाला की आपणच सांगितल्याप्रमाणे जे पहिलं येतं ते देवाचं, म्हणून मोजत नाही. मी हात जोडले. एवढी निष्ठा माझ्यातसुद्धा नाही. महिनाभर आम्ही सिंधूताईला मारुतीच्या चरणी वाहत होतो. तिला हे सांगितलं तर म्हणाली, “देवाची झाली तं बेसच झालं. पण म्हातारपणी पेन्शन देव देईन का शेठजी, तेवढं इचारून घ्या.”

मी मदतनिसाला म्हटलं की ही गोष्ट विसरून जा. तो ‘बरं’ म्हणाला आणि त्याने एक नवी आठवण साठवली : सुखदेवरावांना पहिल्या मापाची गोष्ट आठवायला नको आहे. म्हणजे औषध घेताना माकड आठवायचं नाही, तसं झालं. शेवटी आमच्या ऑफिसातल्या अपेक्षाने सेटिंगमधलं ते पान उघडून दिलं, जिथे त्याच्या सगळ्या आठवणी ओळीने दिसतात आणि प्रत्येकीशेजारी कचरापेटीचं लहानसं चित्र असतं. दादा, मी कामच विसरलो आणि वाचत बसलो. ‘काम सुरू करताना राम राम म्हणावं.’ ‘गुरुवारी यांचा उपास असतो, त्या दिवशी चुका हळू सांगाव्या.’ ‘प्रश्न विचारून चहाला जातात.’ ‘थोडक्यात सांगा म्हणतात, स्वतः मात्र थोडक्यात सांगत नाहीत.’ माझ्याकडे इतकं लक्ष देऊन आजवर कोणी पाहिलं नसेल. मनात आलं, आपल्या डोक्यातल्या आठवणींशेजारी अशी पेटी असती तर मी काय काय टाकलं असतं? आणि टाकलेली आठवण जाते कुठे? अपेक्षा म्हणाली, “काका, तुम्ही आधी पुसा, मग विचार करा.”

पहिल्या मापाची ओळ पुसली. तरी सिंधूताई गैरहजरच. कारण जुना कोड तसाच होता. आठवण पुसली तरी तिच्या भरवशावर बांधलेली भिंत उभीच असते, हे मला त्या दिवशी कळलं. कोड नव्याने लिहायला सांगितला, तर त्याने पुन्हा पहिला माणूस वगळला. कुठेतरी दुसरी आठवण होती की सगळं डाळीच्या हिशोबासारखंच करावं. एक उपटावं तर शेजारी दुसरं, हरळीच जणू. इकडे शुक्रवारची संध्याकाळ झाली आणि विक्की कागद फाइलला लावायला निघाला. तेव्हा मी मारुतीचं नाव घेतलं आणि ‘सर्व आठवणी पुसा’ दाबलं. ‘नक्की?’ असं त्याने विचारलं. मी नक्की म्हटलं.

मग हजेरीचा प्रोग्राम पुन्हा करून घेतला, यंत्रातल्या महिनाभराच्या नोंदी त्यातून काढल्या. सिंधूताईचा महिना पूर्ण भरला आणि आज सकाळी शेठजींनी तिला कायम केलं. तिने सगळ्यांना पेढे वाटले, मशीनपुढेही एक ठेवला. मदतनीस मात्र आज राम राम म्हणाला नाही. ‘मी आपली काय मदत करू शकतो?’ एवढंच. ओळखीचा माणूस बाजारात समोरून निघून जावा तसं वाटलं. पण यातून मी एक शिकलो, दादा. माणसाने आपल्या आठवणी आपल्याच डोक्यात ठेवाव्या, दुसऱ्याच्या स्वाधीन करू नयेत.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला पाहुणा,
सुखदेव

ता. क. पहिली पायली आता मीच हाताने बाजूला काढतो. खिचडी सुरू आहे.

ता. क. २. पत्राचं खरं कारण असं की आमच्या लग्नाची तारीखही मी त्या मदतनिसालाच सांगून ठेवली होती. गेल्या वर्षी त्याने आठवण करून दिली, मी मोगऱ्याचा गजरा नेला आणि ‘हे सुधरले’ असं उत्तराने वहिनींना फोनवर सांगितलेलं मी ऐकलं. सगळं पुसलं त्यात तीही गेली. वैशाख होता आणि मांडवात तुम्हाला ऊन लागलं होतं, एवढं मला आठवतं. तारीख कृपया मिलच्या पत्त्यावर कळवा. फोन करू नका, तो तीच उचलते. वहिनींना विचारू नका, त्या तिलाच विचारतील.

ता. क. ३. पाकीट चिकटवायला डिंक मागितला आणि पत्र उत्तराच्या हाती लागलं. ती शेवटपर्यंत शांतपणे वाचत बसली. खाली तिने एक ओळ लिहायला लावली आहे, ती जशीच्या तशी देतो : “दादा, यायले तारीख सांगू नको. पाहू तं खरं, हे काय करते.”