काळ्या खुर्चीबाबत खुलासा

प्रति,
मा. अध्यक्षा,
चौकशी समिती, वकील संघ,
न्यायालय आवार, जळगाव.

अर्जदार : ॲड. योगराज कौतिक बऱ्हाटे, वय ४१, रा. जळगाव, मूळ रा. बोदवड.

विषय : ॲड. मयुरी गिरासे यांच्या तक्रारीवर खुलासा, तसेच सोबत आणलेली खुर्ची जमा करून घेण्याबाबत.

संदर्भ : समितीची नोटीस, दि. ८ सप्टेंबर २०२५.

महोदया,

१. मी ज्येष्ठ वकील श्री. सुरेशचंद टाटिया यांच्या कार्यालयात जुलै २०११ पासून ज्युनिअर आहे. ॲड. मयुरी गिरासे या वर्षी एप्रिलमध्ये तिथेच रुजू झाल्या. त्यांच्या तक्रारीत माझ्याविरुद्ध दोन मुद्दे आहेत : मी त्यांची खुर्ची पळवली, आणि आमच्या पक्षकार धुरपदाबाई यांच्या वाटणीच्या दाव्याची तारीख त्यांना मुद्दाम चुकीची दिली. तिसरा मुद्दा टाटिया साहेबांविरुद्ध आहे : त्यांनी पक्षकारांसमोर बाईंच्या अंगावर फाइल फेकली. समितीने सात दिवसांत खुलासा मागितला, तो सातव्या दिवशी देत आहे. तारखेचा मुद्दा शेवटी घेतो.

२. खुर्चीबाबत. सदर खुर्ची "त्यांची" हा शब्दच मला मान्य नाही. आमच्या कार्यालयात नव्या ज्युनिअरने तीन वर्षे उभे राहायचे असते. मला ही रीत पहिल्याच दिवशी ॲड. जीवराम महाजन यांनी सांगितली, त्यांना त्यांच्या आधीच्याने सांगितली होती. मी तीन वर्षे खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून दावे लिहिले. डावा पाय दुखला की उजव्यावर, उजवा दुखला की डाव्यावर. २०१४ च्या दसऱ्याला जीवरामभाऊ धुळ्याला वकिली करायला गेले आणि त्यांची काळ्या रेक्झिनची, एक हात मोडलेली खुर्ची मला मिळाली. त्या संध्याकाळी मी घरी पेढे नेले होते. समितीने हसू नये. पुढे मी स्वतःसाठी दुसरी खुर्ची आणली आणि काळी भिंतीशी रिकामी राहिली.

३. दि. ७ एप्रिल रोजी सकाळी मयुरीबाई आल्या, मुन्शीला "खुर्ची रिकामी शे ना?" असे शिंदखेड्याच्या बोलीत विचारले, आणि बसल्या. महोदया, बसल्या! पर्स मांडीवर, पाण्याची बाटली टेबलावर. मी घसा खाकरला. त्यांनी मला पाणी विचारले.

दुपारी मी साहेबांना एकांतात रीतसर सांगितले, की नव्या बाई बसल्या आहेत. साहेब म्हणाले, "मग बसू दे की! तुला तरी कोणी उभं राहायला सांगितलं होतं? मला वाटायचं तुझी पाठ दुखते." हे वाक्य त्यांनी पान जमवता जमवता उच्चारले आणि पुढची फाइल उघडली. माझी तीन वर्षे, महोदया. मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडण्याआधी जाऊन सदर खुर्ची दुचाकीला बांधली आणि घरी आणली. सबब खुर्चीचा मुद्दा मला मान्य आहे. पळवली हा शब्दही, जाऊ द्या, मान्य आहे. बाईंनी मुन्शीकडून स्टूल मागवले आणि पुन्हा बसल्या.

४. आता माझे म्हणणे. साहेब मला पक्षकारांसमोर "आमचा हमाल" म्हणतात. एकदा म्हणाले, "याची सनद म्हणजे रेशनकार्ड, घरी ठेवायची." त्यांच्या घरचे दळण मी आणले आहे, त्यांच्या मुलीची कॉलेजची वही मी लिहिली आहे. फायली माझ्याही अंगावर आल्या आहेत. एका फाइलची पत्र्याची पट्टी भुवईला लागली, ती खूण समितीला समक्ष दाखवता येईल. चौदा वर्षांत मला न्यायालयात एकदाच बोलू दिले, तेही साहेबांची गाडी भुसावळच्या फाटकात अडकली म्हणून.

आणि मयुरीबाईंनी तिसऱ्याच महिन्यात युक्तिवाद केला. मी मागच्या बाकावर होतो. चांगला केला. उगाच खोटे कशाला बोलू, फार चांगला केला. बाहेर आल्यावर साहेब त्यांना "छान" म्हणाले. दि. १६ जून, दुपारी सव्वाबारा. मी डायरीत लिहून ठेवले आहे, कारण हा शब्द साहेबांना येतो हे मला माहीत नव्हते. मला त्यांचा हेवा वाटतो. रात्रंदिवस वाटतो. बाई चहाला फुंकर मारतात तेव्हासुद्धा मला वाटते, हिला कसली घाई नाही, हिला कोणी हाक मारणार नाही. मी आजवर गरम चहा कधी पुरता प्यायलेलो नाही. ही बाब अर्जात बसत नसेल तर वगळावी.

५. फाइल फेकण्याबाबत. दि. ३० ऑगस्ट रोजी धुरपदाबाईंचा दावा वकील गैरहजर म्हणून खारीज झाल्याचे कळले. साहेबांनी दहा-बारा माणसांसमोर मयुरीबाईंच्या अंगावर फाइल भिरकावली आणि "बाईमाणसाचं काम नाही हे, घरी बस" असे म्हणाले. कागद सगळीकडे पांगले. बाईंनी ते एकेक करून उचलले, लावले, फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, माझी चूक असेल तर मला बोला. फाइल फेकायची नाही."

हे वाक्य चौदा वर्षे माझ्या तोंडात होते. अगदी याच शब्दांत होते. ते तिने बोलावे, तेही पाच महिन्यांत, आणि तिला काहीसुद्धा होऊ नये, याने माझे पित्त खवळले. पण तिला झालेच. साहेबांनी तिला सप्टेंबरअखेर कार्यालय सोडायला सांगितले, आणि समितीची नोटीस आल्यावर मला आत बोलावून पहिल्यांदा "बस" म्हणाले.

६. आत साहेबांनी माझ्यापुढे टाइप केलेला जबाब ठेवला. त्यात दोन वाक्ये आहेत : फाइल फेकली गेली नाही, आणि योगराज यांनी तारीख बरोबर सांगितली होती. मी सही केली तर बाहेरच्या पाटीवर साहेबांच्या नावाखाली माझे नाव येणार. पेंटरला सांगूनही झाले होते. मी पाटी बघून आलो. साहेबांच्या नावाखाली ताजा पांढरा पट्टा मारून ठेवला आहे, माझ्या नावाएवढाच. माझ्या आईने बोदवडला शेजाऱ्यांना सांगूनही टाकले. सदर जबाब सहा दिवस माझ्या खिशात आहे.

७. आता तारीख. दि. २२ जुलै रोजी मयुरीबाई गावी गेल्या होत्या म्हणून त्यांच्या वतीने फक्त तारीख घ्यायला मी न्यायालयात उभा राहिलो. पुढची तारीख १९ ऑगस्ट पडली. ती मी माझ्या डायरीत १९ लिहिली आणि बाईंच्या डायरीत २९. हात घसरला नाही. शाई नीट होती, उजेड भरपूर होता. मला वाटले, एक तारीख चुकू दे, साहेब एकदा तिच्यावरही ओरडू देत. दावा खारीज होईल असे वाटले नव्हते, पण वकिलाने "वाटले नव्हते" म्हणून चालत नाही.

दि. १९ ला दोघीही आल्या नाहीत आणि दावा खारीज झाला. दि. २९ ला धुरपदाबाई सत्तरीच्या वयात भाकरी बांधून आल्या आणि न्यायालयाबाहेरच्या बाकावर बसल्या. मयुरीबाई आत चौकशी करत फिरत होत्या. मी समोरून चारदा गेलो. पाच वाजता धुरपदाबाईंनी मलाच विचारले, "भाऊ, मी तं सक्काळधरून अठीच बसेल होती, मले कोणी आवाज कसा नाही देला?" मी म्हणालो, बघतो. आणि घरी गेलो. घरी ती काळी खुर्ची होती, तिच्यावर बसवेना.

८. सबब, तक्रारीतील तिन्ही मुद्दे खरे आहेत. माझी विनंती अशी :

धुरपदाबाईंचा दावा पुन्हा बोर्डावर घेण्यासाठी जे प्रतिज्ञापत्र लागते ते मी दिले आहे, त्यात दोष माझा एकट्याचा लिहिला आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. ॲड. गिरासे यांना कार्यालय सोडावे लागू नये, आणि सोडायचेच असेल तर त्यांच्या मर्जीने सोडता यावे. हे लिहिताना माझा हेवा गेलेला नाही. तो आहे तिथेच आहे.

एवढे लिहून मी या समितीपुढे हजर आहे, बसायला सांगितले नाही तरी चालेल.

ॲड. योगराज कौतिक बऱ्हाटे
जळगाव, दि. १५ सप्टेंबर २०२५

सोबत :

१. खुर्ची, काळी, एक हात मोडलेला, नग एक. शिपायाजवळ ठेवली आहे. ॲड. गिरासे यांना पोहोच करावी.

२. टाइप केलेला जबाब, बिनसहीचा.

३. माझी डायरी, दि. २२ जुलैचे पान दुमडलेले.

४. ॲड. टाटिया यांच्या वागणुकीविरुद्ध माझा स्वतःचा तक्रार अर्ज, दि. २२ फेब्रुवारी २०१३, न दिलेला. घड्यांवर फाटला आहे, वाचता येतो. आज आवक करून घ्यावा.

५. वरील अर्जास बारा वर्षे सहा महिने झालेला विलंब माफ होण्यासाठी वेगळा अर्ज. विलंबाचे कारण : आधी, अर्ज दिला तर खुर्ची मिळणार नाही, अशी भीती वाटली. नंतर खुर्ची मिळाली, आणि ती जाईल अशी भीती वाटली.