स्नेहलच्या शर्टाची डावी बाही

रविवार, संध्याकाळ. सेलू.

चूक माझी नव्हतीच, हे आधी लिहून ठेवते. पोस्टातली स्नेहल शर्टाचं माप द्यायला आली, तेव्हाही तिची प्रॅक्टिस चालूच होती, हे मला नंतर कळलं. अंगाचा एकेक भाग सुटा हलवायचा, असा तिचा नाच. बाकी अंग स्थिर, एकटा डावा खांदा बाहेर सरकलेला. मला वाटलं, जन्मापासूनच तशी असेल. विचारायचं कसं? म्हणून दोन्ही हातांची मापं वेगळी घेतली.

काल तिनं शर्ट घालून पाहिला, तर डावी बाही चार बोटं लांब! पंचवीस वर्षं शिवते आहे, असं कधी झालं नाही.

"काढ, कापून देते," म्हटलं.

"थांबा न काकू, पाहा!" म्हणाली आणि दुकानातच सुरू झाली. हात बाहीत गडप, मग बोटं एकेक करून बाहेर. ब्लाउज न्यायला आलेल्या रुखमाबाई ओरडल्या, "अवं, पोरीचा हात कुठं गेला?"

"कापू नका काकू, मले अशीच पाह्यजे."

"ने मंग. पण कोणं शिवला ते कोणाले सांगू नोको." इज्जतीचा प्रश्न होता.

आत्ता तिचा नागपूरहून फोन आला. नाचाच्या स्पर्धेत पहिला नंबर! परीक्षकांनी म्हणे बाही उचलून पाहिली, टेलर कोण ते माइकवर विचारलं.

"मंग? काय सांगतलं तू?"

"तुमचा शब्द मोडन का मी काकू? तीनदा इचारलं, पण नावच नाई सांगतलं!"

"शाब्बास," म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार?