अस्सल घोंगडी आणि किरकोळ खाज

१ डिसेंबर
खाजेचा आजवरचा खर्च मांडला. चामडीचे दोन डॉक्टर, एक वैद्य, ट्यूबा किती ते देव जाणे, आणि करकंबच्या मामांचं तेल. तेल फुकट, पण त्यापायी तीन शर्ट गेले. एवढ्यात दोन मेंढ्या आल्या असत्या. यापुढं एक पैसा घालवायचा नाही. खाज किरकोळ आहे. मानेवर, कोपरात आणि गुडघ्यामागं. बाकी अंग चांगलं आहे.

२ डिसेंबर
बायकोच्या, म्हणजे फुलाच्या हट्टापायी तिसरी डॉक्टर. महेश्वरी मॅडम. पोरगीच आहे. 'एक्झिमा' लिहिलं आणि म्हणाली, हा जातो, परत येतो, सांभाळावा लागतो. बरा करता येत नाही, हे गोड बोलून सांगायची फी. मलम सांगेन तेवढेच दिवस. कडक पाणी नको. अंघोळ झाली की ओलसर अंगावरच क्रीम, आणि ते बरं वाटलं तरी रोज. लोकर अंगाला नको. कशावर झोपता? म्हणालो, गादीवर. खोटं नाही. घोंगडीखाली गादी आहेच.
बाहेर आल्यावर फुला म्हणाली, "धंदा का सांगितला न्हाय?" काय सांगायचा! मेंढरांत जन्मलो. दोन घोंगड्या खांद्यावर टाकून सांगोल्याहून सोलापुरात आलो, आज स्वतःचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय : अस्सल हातमागाची घोंगडी, पाठदुखी व त्वचाविकारांवर गुणकारी. जन्मापासून घोंगडीशिवाय एक रात्र झोपलेलो नाही. सुती चादर माझ्या घरात आलेली नाही, येणार नाही.

९ डिसेंबर
साफ बरा. मलमानं नव्हे, मुळात प्रकृतीच दणकट. मलम बंद, क्रीमही बंद. शेजारच्या चादरवाल्या सिद्धलिंगप्पाला मुद्दाम मान दाखवली. म्हणाला, "छान की! घोंगडी सोडली जणू?" ह्याच्या चादरीतून आरपार पेपर वाचता येतो. तसल्या कापडानं मी दुकानाची काच पुसतो.

१६ डिसेंबर
खाज उलटली. थंडीमुळं. कडुलिंब टाकून कडकडीत पाण्यानं अंघोळ केली. खाज तेवढ्यापुरती थांबली, मग दुप्पट. मेडिकलवाल्यानं बिनचिठ्ठीची ट्यूब दिली, एकात चार औषधं. मॅडम एकच देत होत्या. हिशोब मला कळतो.

२० डिसेंबर
पुण्याच्या सोनाली मॅडमचा फोन. ऑनलाइन दुकान आहे त्यांचं. शंभर घोंगड्या घेणार. येऊन व्हिडिओ करणार : मी स्वतः घोंगडीवर आडवा, आणि त्वचेबद्दल दोन शब्द. रावजीला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, लगेच कळवलं. दिवाळीपासून त्याचा माग बंद आहे. फोनवर रडायला लागला. घोंगडीवाल्यानं रडू नये, म्हटलं, मी आहे.
माझे कान तिखट आहेत. फुला आत बहिणीला सांगत होती, "ह्यास्नी अंगापरीस पाटीची काळजी."

२८ डिसेंबर
चार औषधांनी चार दिवस बरं वाटलं. आता कातडी लाल, पातळ, आग. पुन्हा महेश्वरी मॅडम. ट्यूब चिमटीत धरून म्हणाल्या, ही कुणी दिली? मेव्हण्यानं, म्हणालो. पुन्हा तेच, कशावर झोपता? मी तोंड उघडायच्या आत फुला मागून, "घोंगडीवर!" घरभेदी. घोंगडी आजपासून बंद, असा हुकूम झाला. मानला. काळी घोंगडी काढून पांढरी घातली. नवी कोरी, चिंचोक्याची खळसुद्धा उतरलेली नाही.

५ जानेवारी
सोनाली मॅडम आल्या. व्हिडिओ. फुल बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटण. आडवा झालो. "जन्मापासून हीच घोंगडी, अंगावर पुरळ माहीत नाही," इथपर्यंत बेस बोललो. 'पुरळ' म्हटलं आणि हात मानेकडं गेला. मी नेला नाही, गेला. मग गुडघा. मॅडमनी विचारलं, काका, काय होतंय? डास, म्हणालो. दारात सिद्धलिंगप्पा. बोलावलं कुणी होतं? म्हणाला, "डास न्हाय मॅडम, औषध लागू पडायलंय!"
मॅडमनी मान बघितली. मोबाईल ठेवून दिला. विचार करून कळवते, म्हणाल्या.
रावजी नमुन्याच्या घोंगड्या घेऊन आला होता. त्या तशाच खांद्यावर टाकून माझ्याबरोबर स्टँडवर आला. गाडीत चढताना म्हणाला, "दादा, माग इकू का?"
बायांना धंद्यातलं कळत नाही.

८ जानेवारी
सोनाली मॅडमचा फोन. त्यांच्या मुलालाही हेच दुखणं आहे. ऑर्डर देतात, पण त्वचाविकाराचं अवाक्षर नको, आणि प्रत्येक घोंगडीबरोबर अंथरायला एक सुती चादर हवी. म्हटलं, चादरीचं माझ्याच डोक्यात होतं. रावजीला सांगितलं, माग विकायचा नाही.
चादरी कुणाकडून घ्यायच्या? सोलापुरात सूत कुणाचं चांगलं, हे मला कळत नाही असं नाही. सिद्धलिंगप्पानं चहा पाजला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
पाटीवरची अर्धी ओळ पुसून घेतली. रंग उडालाच होता.

१२ फेब्रुवारी
मान साफ. कोपरही. क्रीम रोज लावतो, पैसे दिलेत म्हणून. मालकानं माल स्वतः तपासावा, या मताचा मी असल्यानं सिद्धलिंगप्पाच्या चादरीवर झोपून बघतोय. घोंगडीमुळं चादरीचा नीट अंदाज येईना, म्हणून घोंगडी काढली.
फुला म्हणाली, "अवं, माल पुण्याला जाऊन पोचला. आता काय तपासताय?" तिला क्वालिटीतलं कळत नाही.
घोंगडी माळ्यावर आहे. एक चादर गादीवर आहे, दुसरी धुऊन वाळत घातली आहे.