पोटातला उजेड

सोमवार, ८ डिसेंबर
एकदम झकास खोली मिळाली. मालाडला, तळमजल्यावर, मागच्या अंगाला. माझ्या पोरीने, ऋतिकाने, मैत्रिणीकडे शब्द टाकून आठवड्यापुरती मिळवली. वाकोल्याच्या आमच्या घरात पाच माणसं आणि पत्र्यातून ऊन. उभ्या जन्मात पहिल्यांदा मी एकटी एका खोलीत. पाय पसरून बसले, कोणी सरक म्हणालं नाही.

कारण असं. गर्भपिशवीच्या तोंडाला खराब डाग निघाले. कॅन्सर नाही, पण ठेवले तर होईल. कापायचं नाही म्हणाली डॉक्टरीण. शनिवारी शिरेतून औषध दिलं, ते डागात जाऊन बसतं. आज आतून लाल उजेड मारला, त्याने डाग जळतो. चटके बसले. पोळीभाजी केंद्रात तव्यापुढे उभं राहणाऱ्या बाईला चटक्याचं काय. आता औषध अंगातून उतरेपर्यंत उन्हात जायचं नाही, कातडी भाजेल. झिरोचा बल्ब चालेल. रोज काय होतं ते लिहा म्हणाली. चौथी शिकलेय, जमेल तसं लिहीन.

मंगळवार, ९
अंगावरून काळपट पाणी जातंय. डॉक्टरणीला फोनवर विचारलं, तर जळलेलं बाहेर येणारच, घाबरू नका म्हणाली. घाबरतंय कोण, कंटाळा आलाय. खिडकीला दोन चादरी ठोकल्यात, बल्ब विझवला तर भर दुपारी डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. एवढ्यात किती पोळ्या लाटून झाल्या असत्या. नवऱ्याचा फोन आला, म्हणे राणीसारखी लोळतेस, इथे जेवण कोण करणार. म्हटलं, तुमचे हात काय भाड्याने दिलेत?

बुधवार, १०
दुपारी बल्ब उडाला. पडून राहिले. मग बघते तर भिंत दिसतेय, लालसर. चादरींना फट नाही. उजेड माझ्या ओटीपोटातून येतोय, गाऊनमधून. हात ठेवला की झाकला जातो. फोन केला तर डॉक्टरीण म्हणाली असं होत नाही, भास असेल, सोमवारी तपासणीला याच. हे त्याच उजेडात लिहितेय.

भिंतीवर खाली एक सावली आहे, मांजराएवढी. माझ्या आणि भिंतीच्या मध्ये तर काहीच नाही.

गुरुवार, ११
सावली वाढली. मी सरकले की तीही सरकते.

ऋतिका डबा आणि बल्ब घेऊन आली. दार किलकिलं करून म्हणाली, आई, उभी का राहिलीस, बस ना. मी गादीवर बसलेलीच होते. बल्ब लावला तेव्हा भिंत साफ होती. ती गेली आणि बल्बही गेला.

शुक्रवार, १२
सावलीचं डोकं छताला टेकलंय. दिव्याजवळ हात नेला की सावली मोठी होते, शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे ते भिंतीपासून निघालं आणि माझ्याकडे —

जळलेलं बाहेर आलं ते गेलंच नाही. त्याला परत आत यायचंय. मी नाही घेणार.

पळायला दार उघडलं. बाहेर ऊन. हात पोळला, फोड आले. बंद केलं. ऋतिकाला फोन केला, अंधार पडला की मला घेऊन जा. आज रात्रपाळी आहे, उद्या अंधार पडताच येते म्हणाली.

शनिवार, १३
दुपार. अजून ऊन आहे.

भिंत सगळी काळी. सावलीला कड राहिली नाही.

मांड्या आवळून बसलेय. नाही घेणार —

गोधडी डोक्यावरून घेतली. उजेड आतच कोंडला. आता भिंत नाही, सावली नाही. बरं वाटतंय. अक्षर दिसतंय.

वहीवर सावली. बोटांची. एका हातात पेन, दुसऱ्याने वही धरलीय, मग ही कोणाची —

गोधडीत आहे. माझ्या आणि वहीच्या मध्ये जागा ती किती, वीतभर पण —

ऋतिका लवकर

उजेड कमी होतोय. विझत नाहीये, काहीतरी त्याच्या तोंडाशी येऊन